आपण कुठले पाटील?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)

॥ श्री गणेशाय नमः ॥



आरती झाली, प्रसाद हातात पडला, आणि तरीही आपण खुर्च्या सोडल्या नाहीत, त्याबद्दल आधी आभार. इथे एकच जण उभा दिसत असला तरी आज आम्ही 'आम्ही' असेच बोलणार आहोत, कारण हे काम आम्हा तीन चुलतभावांचे आहे. आमच्यात इतिहासाचा प्राध्यापक कोणी नाही. डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीला लागलेली आणि रजा मिळाली की खानदेशची गाडी पकडणारी आम्ही माणसे. त्यामुळे विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नका. जे कागदात पाहिले आणि जे घरात घडले, तेवढे सांगतो.

सुरतेत कोणी 'आम्ही पाटील' म्हटले की आपल्या माणसाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : कुठले पाटील? आमचे आजोबा गाव, तालुका, भाऊबंद, सगळे एका दमात सांगत. वडील गाव सांगत. आमची मुले सांगतात, 'डिंडोलीचे'! त्यांचे चूक नाही, त्यांचा जन्मच इथला. पण तीन पिढ्यांत एवढे पुसले गेले तर चौथ्या पिढीच्या हाती निव्वळ आडनाव उरेल. तेही धड उरेल का, याची शंका आहे. आमच्या एका शिधापत्रिकेवर आम्ही पाच वर्षे 'पटेल' होतो.

आता आडनाव म्हणजे काय, ते पाहू. कुलकर्णी गावचा हिशेब ठेवत, देशपांडे परगण्याचा. देशमुख परगण्याचे प्रमुख, पाटील गावचे, आणि पाटलाच्या हाताखाली चौगुला. पोतदार नाणी पारखत. फडणीस, चिटणीस, सबनीस ही दप्तरातली कामे. म्हणजे ही आडनावे मुळात हुद्दे होते. दुसरी मोठी जात 'कर' लावणाऱ्यांची, ती गावाची खूण. हुद्दे पुढे कायद्याने गेले. मुंबई राज्यात परगणा आणि कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने रद्द झाली. महाराष्ट्रात मुलकी पाटलाचे वंशपरंपरागत पद १९६२ च्या कायद्याने संपले. वतन गेले, आडनाव राहिले. म्हणूनच एका तालुक्यातले दोन पाटील एकमेकांचे कोणीही नसू शकतात, आणि एकाच घराण्यातला एक भाऊ पाटील तर दुसरा मूळ कुळाचे आडनाव लावणारा असू शकतो. आमच्याकडे तसेच निघाले. गावची भावकी बोरसे लावते, आम्ही पाटील.

जी आडनावे हुद्द्याची नाहीत त्यांच्याभोवती कथा असतात. आपल्या जवळचे उदाहरण गायकवाडांचे. संकटात सापडलेल्या गायींना पूर्वजाने कवाड उघडून आत घेतले, म्हणून गाय-कवाड, अशी कथा त्या घराण्यात सांगतात. कथा गोड आहे, पण तिच्यावर वारसा ठरत नाही. वारसा ठरायची वेळ १८७५ साली आली. मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी गादीवरून काढले आणि खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची मुभा मिळाली. मुलगा सापडला तो नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावी, शेतकरी घरात. हे घर पिलाजीरावांचे पुत्र प्रतापराव यांच्या शाखेतले, हा वंशावळीतला दुवा निर्णायक ठरला. २७ मे १८७५ रोजी त्या मुलाचे दत्तविधान झाले. तेच आपले सयाजीराव महाराज. पिलाजीरावांचे सोनगड आज तापी जिल्ह्यात आहे, २००७ पर्यंत ते सुरत जिल्ह्यातच होते. वंशावळीतल्या एका ओळीने काय होऊ शकते, हे पाहायला आपल्याला फार दूर जावे लागत नाही.

पण राजघराण्याला कागद ठेवणारे होते, आपले कागद कोठे? आमच्या घरातली जुनी पत्र्याची पेटी ऑगस्ट २००६ च्या पुरात गेली. तीन दिवसांनी उघडली तेव्हा आत नुसता लगदा होता. इथे बसलेल्या कितीतरी घरांत हेच झाले असेल. तरी निराश होऊ नका. घरातला कागद गेला तरी त्याचे भाऊबंद दुसरीकडे जिवंत असतात.

सगळ्यात सोपा कागद शाळेचा. आजोबा ज्या प्राथमिक शाळेत गेले तिच्या जनरल रजिस्टरात नाव, जात, जन्मतारीख, गाव मिळते. त्यानंतर तलाठ्याकडचे आणि तालुक्याच्या अभिलेख कक्षातले गाव नमुने. नमुना ६ म्हणजे फेरफार, ६ क म्हणजे वारसनोंदी, १४ म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. गंमत अशी की ६, ७/१२ आणि ८ अ हे आकडे गुजरातेतही तेच आहेत, कारण १ मे १९६० पर्यंत आपण सगळे एकाच मुंबई राज्यात होतो. महाराष्ट्रात बरेच जुने अभिलेख आता स्कॅन होऊन 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावरही दिसतात. जिल्हा शोधताना मात्र काळ लक्षात ठेवा. जुना खानदेश जिल्हा १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असा विभागला. पुढे पूर्वेचा जळगाव झाला, पश्चिमेचा धुळे, आणि १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार निघाला. ज्यांचे पूर्वज नवसारी, गणदेवी, कामरेज, पलसाणा, महुवा, व्यारा, सोनगड इथे गायकवाडी चाकरीत होते, त्यांनी वडोदऱ्याच्या अभिलेखागाराकडे वळावे. तो मुलूख १९४९ पर्यंत बडोदे संस्थानात होता.

जुने कागद बहुधा मोडीत असतात. मोडी येत नाही म्हणून फेकू नका, रद्दीत तर मुळीच देऊ नका. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली, तेव्हा जुन्या नोंदवह्या धूळ झटकून बाहेर आल्या आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. आम्ही थोडीफार मोडी शिकलो. तारखेसाठी एक सोपे गणित सांगतो. शकात ७८ मिळवा, फसलीत ५९०, सुहूर सनात ५९९; इसवी सन मिळतो, एखाद्या वर्षाचा फरक धरायचा. नावाच्या मध्ये 'बिन' किंवा 'वल्द' आले तर पुढचे नाव बापाचे. 'कोम' आले तर ती बाई आहे आणि पुढचे नाव तिच्या नवऱ्याचे. हा 'कोम' शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसरे ठिकाण तीर्थक्षेत्र. नाशिकला, त्र्यंबकेश्वरला आपल्या गावाचे उपाध्याय असतात. गाव आणि आडनाव सांगितले की ते आपल्या घराची नामावळी काढतात. कोण कधी आले, कोणाच्या अस्थी आणल्या, सोबत कोण होते, सगळे त्यात मिळते. नाशिकला आम्हाला आजोबांची सही दिसली. आजोबा सही करत हे आम्हाला ठाऊक नव्हते, घरी त्यांचा अंगठाच पाहिलेला. आम्ही तिघेही काही वेळ बोललो नाही. अशाच वह्या वहीवंचा बारोट आणि भाट सांभाळतात. आपल्या लेवा पाटीदार मंडळींत पूर्वज गुजरातेतून, पावागडाकडून खानदेशात गेले अशी परंपरा सांगतात. ती धरली तर त्यांचे सुरतेला येणे म्हणजे काही शतकांनी माहेरी परतणेच झाले!

आता डीएनएकडे येऊ. हल्ली नळीत थुंकी भरून पाठवली की काही आठवड्यांत अहवाल येतो. त्यात तीन प्रकार असतात. 'वाय' गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, म्हणून आडनावाच्या शोधाला ते उपयोगी. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून येतो, मुलालाही आणि मुलीलाही, पण पुढे तो मुलगीच देते. बाकीचा डीएनए दोघांकडून निम्मा निम्मा येतो आणि दर पिढीला त्याची फेरवाटणी होते. सख्ख्या चुलतभावांत सुमारे साडेबारा टक्के सामायिक निघतो, त्यांच्या मुलांमुलांत तीन टक्क्यांच्या आसपास. त्यापुढे तो इतका घटतो की कधी कधी दिसतही नाही. शिवाय आपल्याकडे मामाची मुलगी करायची चाल. त्यामुळे दोन माणसे आहेत त्याहून जवळची नातलग दिसू शकतात.

एक हिशेब करा. दहा पिढ्या मागे गेले की आपले पूर्वज होतात १०२४. आडनावाची, म्हणजे वाय गुणसूत्राची रेषा त्यातल्या एकाची. उरलेले १०२३ जणही आपलेच, पण आपल्या वंशावळीत त्यांना जागा नसते. आणि अहवालात 'अमुक टक्के अमुक प्रदेश' असे रंगीत नकाशे येतात, ते कंपनीकडे जमलेल्या नमुन्यांशी केलेल्या तुलनेवर बेतलेले अंदाज असतात. नमुने वाढले की टक्के बदलतात. त्यावर जातीचा किंवा कुळाचा अभिमान बांधू नये. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतात निरनिराळ्या समूहांचे मोठे मिश्रण झाले. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेचे शास्त्रज्ञ त्यात होते. निव्वळ असे आपल्यात कोणी नाही.

मग डीएनएचा उपयोग काय? आपल्याच मराठी भाषकांतले उत्तम उदाहरण कोकणातल्या बेने इस्रायलींचे. पेणकर, नवगावकर, किहीमवरून केहीमकर, अशी त्यांची आडनावे. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. नवगावजवळ पूर्वजांचे जहाज फुटले, त्यातून वाचलेल्यांचे आपण वंशज, ही त्यांची परंपरा. आडनाव पाहाल तर शंभर टक्के रायगड जिल्हा. २०१६ साली त्यांच्या डीएनएचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही अंश भरपूर निघाले, आणि हे मिश्रण साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचे ठरले. म्हणजे परंपरा खरी, आणि कोकणचे आडनावही खरे.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा २०१२ साली लेस्टर शहरात एका वाहनतळाखाली सापडला. त्याच्या बहिणीकडून आलेल्या वंशजांशी आईकडचा डीएनए जुळला, ओळख पटली. पण राजघराण्याच्या पुरुष रेषेतले म्हणून जे वंशज कागदोपत्री होते, त्यांच्याशी वाय गुणसूत्र जुळले नाही. मधल्या शतकांत कोठेतरी साखळी तुटली होती. कोठे, हे डीएनए सांगू शकला नाही.

आमच्या घरी असेच झाले. सुरतेतले आमचे नाना, वय ऐंशीच्या पुढे, आणि गावचे बोरसे आप्पा, तेही तेवढेच. परदेशातल्या पुतण्याने सांगितले की चाचणी सर्वांत वडीलधाऱ्यांची करायची, कारण ते पूर्वजांना एक पिढी जवळ असतात. दोघांना समजावून, विचारून नमुने पाठवले. अहवाल आला. सर्वसाधारण डीएनएत नाना आणि आप्पा दूरचे नातलग, ठीक. पण वाय गुणसूत्र वेगळे. पुरुष रेषा एक नाही!

मंडळी, हे ऐकायला सोपे वाटते, पण ते घरात आले की काय होते ते आम्ही पाहिले. नाना जेवणावरून उठून गेले. गावाकडून फोन येणे थांबले. कोणीतरी कुजबुजले की पणजीबद्दल काही असेल. जी बाई मरून सत्तर वर्षे झाली, जिचा फोटोसुद्धा घरात नाही, तिच्या चारित्र्यावर दोन टक्के माहिती असलेली माणसे बोलू लागली. तेव्हा आम्ही तिघांनी ठरवले की कागद सापडेपर्यंत हे सोडायचे नाही.

कागद सापडला अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावच्या जुन्या फेरफारात, १९२० च्या दशकातला. मयत खातेदारास मुलगा नाही. जमीन दाखल झाली मुलीच्या नावे. तिच्या नावापुढे 'कोम', आणि पुढे आमच्या पणजोबांचे नाव, आडनाव निकम. पणजोबा घरजावई होते. बोरसे पाटलांच्या घरी आले, सासऱ्याची शेती केली, आणि गाव त्यांना त्या घरचे पाटील म्हणू लागले. बोरशांचे रक्त आमच्यात आहेच, ते पणजीकडून. म्हणून नाना आणि आप्पा नातलग निघाले, आणि म्हणूनच वाय जुळले नाही. आमच्या वंशावळीत पणजोबा होते, पणजोबांचे सासरे चुकून वडील म्हणून होते, आणि जिच्यामुळे घर, जमीन आणि आडनाव टिकले त्या पणजीचे नाव कोठेच नव्हते.

आम्ही नक्कल घेऊन आप्पांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि अहिराणीत एवढेच म्हणाले, "भाऊ म्हनीसन वाटा दिन्हा, आते रगत काय देखतस?" म्हणजे विहिरीच्या पाण्यात आणि बांधाच्या आंब्यात जुन्या लोकांनी आम्हाला भाऊ म्हणून वाटा दिला होता, शंभर वर्षांपूर्वी, सगळे ठाऊक असताना. गावाला गुपित नव्हतेच. गाव सोडून आलेल्या आम्हालाच ते माहीत नव्हते. त्या दिवाळीला आप्पा सुरतेला आले आणि नानांच्या शेजारी बसून जेवले.

यातून आम्ही काय शिकलो? डीएनए 'नाही' म्हणू शकतो, 'का' ते कागद आणि माणसे सांगतात. दत्तक, घरजावई, आजोळी वाढलेले मूल, हे आपल्या समाजाने मान्य केलेले मार्ग आहेत. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज कागलच्या घाटग्यांच्या घरातले, १८८४ साली दत्तक आले. ते छत्रपती आहेत की नाही हे कोणी प्रयोगशाळेत विचारायला जात नाही. कायदाही हेच म्हणतो. वैध विवाहात जन्मलेले मूल नवऱ्याचेच धरायचे, हे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ११२ मध्ये होते, नव्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम ११६ आहे. उठसूट डीएनए चाचणीचा आदेश देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. न्यायालय एवढे जपते, तर आपण घरात किती जपावे?

आणि दुसरी गोष्ट बायकांची. इथे वारसाईसाठी पेढीनामुं करताना, तिकडे गावी वारसनोंद करताना, मुलींची नावे गाळायची सवय अजून गेलेली नाही. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलाइतकीच वाटेकरी झाली, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी स्पष्ट केले. पेढीनाम्यात बहीण गाळली तर उद्या तंटा होतोच. पण त्याहून मोठे नुकसान शंभर वर्षांनी होते. आमच्यासारखे कोणीतरी तेव्हा साखळी शोधत बसेल आणि नेमकी तीच कडी सापडणार नाही.

म्हणून हात जोडून विनंती. या दहा दिवसांत घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा. फोनवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा आणि विचारा : गाव कोणते, कुलदैवत कोणते, देवक काय, आजीचे माहेर कुठले, घरात दत्तक किंवा घरजावई कोणी होते का. मग शाळा, मग गाव नमुने, मग नाशिक-त्र्यंबक. जुन्या कागदांचे फोटो काढून ते दोन घरांत ठेवा. तापीला पूर येतो, आणि तो सगळ्यांच्या घरात एकदम येत नाही. डीएनए हवा तर सगळ्यात शेवटी. ज्याचा नमुना त्याची संमती, आणि उत्तर अनपेक्षित आले तर काय करायचे हे आधीच बसून बोललेले असावे. आम्ही ते आधी बोललो नव्हतो, आणि नानांच्या त्या सहा महिन्यांच्या अबोल्यात त्याची किंमत कळली.

मंडपाच्या डाव्या बाजूला टेबलावर कोरे तक्ते ठेवले आहेत. प्रत्येक पिढीसाठी दोन चौकटी आहेत, एक पुरुषाची आणि एक बाईची, दोन्ही सारख्या मापाच्या. आईच्या आईच्या आईचे नाव येत नसेल तर चौकट कोरी सोडा, पण काढून टाकू नका. मोडी कागद असेल तर घेऊन या, दर रविवारी संध्याकाळी आम्ही तिघे मंडळाच्या कार्यालयात बसतो. जमेल तेवढे वाचून देऊ, न जमले तर जाणकाराकडे पाठवू.



गणपती बाप्पा मोरया!